आजारपणात कुत्र्याला फिरवायचं कसं? पुण्यात नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की पुण्यात तापाचे पेशंट वाढतात. जुलैपासून थेट दिवाळीपर्यंत डेंगी, चिकनगुनिया, फ्ल्यू असं काही ना काही चालूच असतं. अंगात ताप भरला की माणूस चार-सहा दिवस सहज झोपून काढतो. कुत्रा मात्र रोजच्या वेळेला पट्ट्याजवळ जाऊन उभा राहणारच. घरात चार माणसं असतील तर हा प्रश्न आपोआप सुटतो. पण नोकरीसाठी लातूरहून, अकोल्याहून, सांगलीहून येऊन वाकड, बाणेर, खराडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे, किंवा मुलं परदेशात असलेले कोथरूडचे आजी-आजोबा, यांना तो फार जड जातो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. कुत्र्याला शी-शूसाठी बाहेर नेणं वेगळं आणि फिरायला नेणं वेगळं. बरे असताना आपण दोन्ही एकाच फेरीत उरकतो, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. आजारपणात ती सुटी करायची. शी-शू टाळता येत नाही. फिरणं मात्र काही दिवस कमी करता येतं, घरातल्या घरात भरून काढता येतं आणि दुसऱ्यावर सोपवताही येतं. हे एकदा लक्षात आलं की निम्मं ओझं उतरतं.

पहिली पायरी : आज पट्टा तुमच्या हातात असावा का?

ताप किती आहे यापेक्षा तोल आणि पकड कशी आहे ते बघा. पलंगावरून उठून दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय थरथरले किंवा भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, तर खाली जायचं नाही. मग घट्ट मूठ वळून बघा. चिकनगुनियात मनगटं आणि बोटांचे सांधे इतके धरतात की पाण्याची बाटली उघडत नाही. अशा हाताने तीस किलोचा लॅब्रेडॉर आवरणं शक्य नाही. मांजर दिसलं किंवा शेजारून सायकल गेली की तो जो हिसका देतो, तो धडधाकट माणसालाही पाडू शकतो.

डेंगीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे लोक फसतात. ताप उतरला की बरं झाल्यासारखं वाटतं आणि माणूस चपला घालतो. प्रत्यक्षात डेंगीत ताप उतरतो त्याच सुमाराचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे असतात. प्लेटलेट कमी झालेल्या असतात, रक्तदाब खाली येऊ शकतो आणि पडून झालेला साधा मारही महागात पडतो. डॉक्टर ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत जोरकस कुत्र्याचा पट्टा हातात घेऊ नका, मग तुम्हाला कितीही बरं वाटत असो.

चक्कर येण्याचा आजार, कंबरेत भरलेली चमक, पोटाचं ऑपरेशन, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांतही तेच. या दुखण्यांत वाकायला आणि हिसका बसायला मनाई असते आणि कुत्रा फिरवताना दोन्ही होतं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते, तीही विसरू नका. केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर शी उचलण्याचं काम पूर्णपणे दुसऱ्याकडे द्या.

दुसरी पायरी : फेऱ्या छोट्या करा, वेळा मोडू नका

मोठ्या, निरोगी कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा मोकळं व्हायला मिळालं पाहिजे. रात्री झोपेत तो आठ तास काढतो, म्हणून दिवसाही तेवढाच ताटकळत ठेवावा असं नाही. पिल्लाचा ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. म्हातारा कुत्रा आणि मूतखडा किंवा किडनीचा त्रास असलेला कुत्रा यांनाही लवकर लवकर न्यावं लागतं.

थोडंफार चालवत असेल तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी अशा चार फेऱ्या करा, पण प्रत्येक फेरी पाच-दहा मिनिटांचीच. रोज एकाच कोपऱ्यात न्या. आपलाच जुना वास आला की कुत्रा पटकन उरकतो. तिथे पोचलात की एका जागी उभे राहा, पट्टा आखूड धरा आणि नेहमीचा एकच शब्द वापरा, ‘शू कर’ म्हणा किंवा काहीही, पण रोज तोच. झालं की शाबासकी, छोटा खाऊ, थेट घरी. वाटेत ओळखीचं कोणी गप्पांना थांबवायला लागलं तर लांबूनच हात हलवा. मास्क लावलेला असेल तर कोणी फार आग्रह करत नाही.

वेळा मात्र पाळा. कुत्र्याला घड्याळाचा आधार लागतो. एरवी सातला फिरणारा कुत्रा नऊपर्यंत थांबला की तो दाराशी ओरडतो, सोफा कुरतडतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

तिसरी पायरी : दुसरा माणूस

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि ती आजारी पडायच्या आधी करायची असते. कुत्र्याने कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती ऐन तापात पट्टा देणं दोघांनाही धोक्याचं असतं. कुत्रा घाबरून गळपट्ट्यातून मान सोडवून पळतो, किंवा ‘हा कोण मला घराबाहेर नेतोय’ म्हणून गुरगुरतो.

माणूस कोण असावा? माझी पहिली पसंती त्याच सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या दुसऱ्या श्वानपालकाला. त्याला पट्टा धरायची सवय असते, भटक्या कुत्र्यांच्या जागा माहीत असतात आणि उद्या तो आजारी पडला तर तुम्ही त्याच्या उपयोगी पडता, त्यामुळे मागताना संकोच वाटत नाही. त्यानंतर कॉलेजात जाणारी, खरोखर कुत्र्यांची आवड असलेली मुलं. कामाच्या मावशींना आवड असेल आणि कुत्रा त्यांना ओळखत असेल तर त्या उत्तम, पण ते त्यांचं जास्तीचं काम आहे, त्याचे पैसे वेगळे ठरवा. वॉचमनकाकांना गळ घालू नका. ते ड्यूटीवर असतात, गेट सोडून गेले तर बोलणी त्यांना बसतात आणि मनात नसताना ते नाही म्हणू शकत नाहीत.

शाळकरी मुलांच्या हाती मोठा कुत्रा देऊ नये, मूल कितीही हट्ट करो. कुत्रा कोणाला चावला किंवा मुलाला ओढत रस्त्यावर घेऊन गेला तर जबाबदारी तुमची. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे.

ओळख टप्प्याटप्प्याने करून द्या. आधी तिघांनी मिळून फिरायचं, पट्टा तुमच्याकडे. मग पुन्हा तिघंच, पण पट्टा त्यांच्याकडे आणि तुम्ही शेजारी. मग तुम्ही हळूहळू मागे राहायचं. शेवटी ते दोघंच जातील आणि तुम्ही गॅलरीतून बघाल. प्रत्येक वेळी खाऊ त्या माणसाच्या हातून द्या. कुत्रा अनोळखी लोकांवर धावून जाणारा असेल तर जाळीच्या मुसक्याची सवय आधीपासून लावा. मुसकं असं हवं की आत तोंड उघडून धापा टाकता येतील. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी फिरायला चालत नाही, कुत्र्याला त्यात अंग थंड ठेवता येत नाही.

पैसे घेऊन कुत्रे फिरवणारी माणसं पुण्यात आता बहुतेक उपनगरांत मिळतात. ठरवण्यापूर्वी पशुवैद्याकडे आणि इतर पालकांकडे चौकशी करा. त्यांना थेट विचारा : एका वेळी किती कुत्रे घेता? माझा एकटाच न्याल का? पट्टा कुठे सोडता का? टेकडीवर नेता का? शी उचलता का? एकाच वेळी चार-पाच कुत्रे ओढत नेणाऱ्याला मी आजारपणात कुत्रा देणार नाही. त्यातला एकही बिथरला तर बाकीचे आवरत नाहीत. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी इथे पट्टा सोडणं तर अजिबात नको. तिथे मोर आहेत, साप आहेत, पहाटे चालणारी वयस्कर माणसं आहेत आणि आपापला इलाखा राखणारे टेकडीवरचे कुत्रे आहेत.

सोसायटीच्या ऑफिसला आणि गेटवर त्या माणसाचं नाव आधीच देऊन ठेवा. लिफ्टवरून कोणी अडवलं तर शांतपणे सांगा, की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला बंदी करता येत नाही. मात्र गर्दीची वेळ टाळणं, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं आणि कोणी घाबरत असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघणं, एवढं आपल्या बाजूने करायलाच हवं.

आता चिठ्ठी. तापात बोलायचं त्राण नसतं, म्हणून ती आज लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि तिचा फोटो त्या माणसाला पाठवून ठेवा. नमुना म्हणून ही घ्या :

‘राणी. इंडी (आपली देशी जात), मादी, चार वर्षं. हार्नेस (छातीवरून घालायचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालायचे, पट्ट्याची एकेक कडी दोन्हींत अडकवायची. गेटमधून उजवीकडे वळायचं, डावीकडे दुकानाजवळ चार कुत्रे बसतात. शी बागेच्या भिंतीजवळ करते, पिशव्या पट्ट्याच्या डबीत आहेत. स्कूटरला घाबरते, स्कूटर आली की थांबून तिला आपल्या आतल्या बाजूला घ्यायचं. रस्त्यावरचं काही तोंडात घेतलं तर ओढू नका, खिशातला खाऊ दाखवा, सोडते. चिकन चालतं, दूध देऊ नका. डॉक्टरांचा नंबर खाली.’

राणीच्या जागी तुमच्या कुत्र्याचं नाव घाला आणि त्याच्या खोडी प्रामाणिकपणे लिहा. चावरा असेल तर चावरा असंच लिहा.

दोन कड्यांचा पट्टा मी मुद्दाम लिहिला आहे. एक निसटला तरी दुसरा धरून ठेवतो. गळपट्ट्याला तुमच्या फोन नंबरचा बिल्ला हवाच, आणि त्यावर त्या दुसऱ्या माणसाचाही नंबर असला तर फार चांगलं, कारण तुम्ही कदाचित हॉस्पिटलात असाल आणि फोन उचलणार नाही.

भटके कुत्रे अंगावर आले तर काय करायचं, हे त्या माणसाला तोंडी समजावा. पळायचं नाही, ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही. पट्टा आखूड करून आपण मध्ये यायचं आणि त्यांच्याकडे पाठ न करता आलेल्या वाटेने सावकाश मागे जायचं. कोणालाही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही.

चौथी पायरी : घरातल्या घरात दमवा

फिरणं बंद झालं की कुत्र्याला खरा त्रास होतो तो कंटाळ्याचा. त्याचं मोठं सुख वास घेण्यात असतं आणि तेवढं तरी पलंगावर बसून देता येतं. त्याच्या जेवणातला कोरडा खाऊ जुन्या टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि त्याच्यापुढे ठेवा. पार्सलच्या खोक्यांत भाकरीचे चार तुकडे लपवा. चपलेखाली, उशीमागे, दाराआड एकेक दाणा ठेवून ‘शोध’ म्हणा. दहा-पंधरा मिनिटं नाकाने काम केलं की बहुतेक कुत्रे निवांत झोपतात. साधं दही छोट्या वाटीत गोठवून दिलं तर चाटण्यात त्याचा बराच वेळ जातो, दूध न पचणाऱ्यालाही दही सहसा सोसतं.

चेंडू फेकणं टाळा. गुळगुळीत फरशीवर धावता धावता पाय घसरून गुडघे आणि कंबर दुखावते, विशेषतः वजनदार जातींची.

चालणं कमी झालं तर खाणंही थोडं कमी करा. पाणी मात्र अजिबात कमी करायचं नाही. शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे लोक आहेत, त्याने मूत्रमार्गाचा त्रास उद्भवतो.

कोणीच नेणारं नसेल तेव्हा घरात सोय करावी लागते. वाड्यात किंवा बंगल्यात अंगण असतं. फ्लॅटमध्ये गॅलरीचा कोपरा किंवा बाथरूम. मोठे कुत्रे घरात करायला तयार होत नाहीत, कारण आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. म्हणून बरे असतानाच वर्तमानपत्राला त्याच्या शूचा वास लावून त्या कोपऱ्यात ठेवा आणि बाहेरचा तोच शब्द तिथे वापरा. एकदा जमलं तरी खूप कौतुक करा. जागा धुताना फिनाइल वापरू नका. कुत्रा त्यावरून चालतो आणि पंजे चाटतो.

गोळ्या, पाहुणे आणि उघडं दार

आजाऱ्याच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं असतात आणि कंटाळलेला कुत्रा काहीही चघळतो. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही औषधं कुत्र्याला घातक ठरू शकतात. म्हणजे क्रोसिन, डोलो, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम हे सगळं झाकणाच्या डब्यात, कपाटात. कुत्र्याने पाकीट फोडलेलं दिसलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. घरच्या घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. उरलेलं पाकीट बरोबर देऊन त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा. कुत्र्याला ताप वाटला म्हणून आपली गोळी त्याला देणं तर कधीच नाही.

भेटायला येणारे लोक प्रेमाने द्राक्षं, मनुका, बेदाणे घातलेले लाडू, चॉकलेट घेऊन येतात आणि एखादा घास कुत्र्यालाही देतात. यातलं काहीच त्याला चालत नाही. कांदाही नाही. आल्या आल्या सांगून टाका, रागावलं कोणी तर रागावू दे. दारावर एक कागद लावा : ‘कुत्रा आहे, दार लगेच लावा.’

त्याला माझा आजार लागेल का?

डेंगी आणि चिकनगुनिया डासामार्फत पसरतात. तुम्ही कुत्र्याला कुरवाळल्याने ते त्याला होत नाहीत. पण एका बाबतीत कुत्र्याचा संबंध येतो. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि गॅलरीतलं कुत्र्याचं पाण्याचं भांडं त्याला पुरतं. आजारपणात ते तसंच पडून राहतं. रोज ओतून, आतून घासून भरायला सांगा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे आजारी माणसाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावं.

फ्ल्यू आणि कोविड माणसाकडून कुत्र्याला गेल्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या. चार दिवस त्याला पलंगावर घेऊ नका, तोंडाजवळ तोंड नेऊ नका, जवळ आला तर मास्क लावा.

लेप्टोस्पायरोसिसचं गणित उलटं आहे. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या शूमधून माणसालाही होऊ शकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना घरात कुत्रा आहे हे नक्की सांगा, आणि तुमच्याबरोबर तोही मलूल असेल तर तेही सांगा. पावसात डबक्यांतून नेऊ नये, आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांत पुसावं, गोचीड बघावी, ही कामं चिठ्ठीत लिहा. त्याची वर्षाची लस चुकली नाही ना, तेही तपासा.

अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर

एका मोठ्या लिफाफ्यात लसीकरणाचं कार्ड, पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा श्वान परवाना, त्याची चालू औषधं, फोटो आणि एका नातेवाइकाचा नंबर ठेवा. लसीचं कार्ड नसेल तर चांगली बोर्डिंगची ठिकाणं कुत्रा ठेवून घेत नाहीत, ऐन वेळी तर नाहीच. शक्य असेल तर कुत्रा घरीच राहावा आणि ओळखीचा माणूस येऊन-जाऊन असावा असं मला वाटतं, कारण मालक दिसेनासा झाल्यावर निदान घराचा वास तरी त्याला सोबत असतो. पण रात्रभर एकटं राहायची सवय नसेल तर बोर्डिंग बरं. घराची एक किल्ली त्या माणसाकडे आजच देऊन ठेवा.

ऊन, ढोल आणि फटाके

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. बदली माणूस आपल्या सोयीने दुपारी चारला येतो म्हणाला तर नको म्हणा. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही भाजतात. गणपतीत ढोल-ताशाच्या सरावाच्या जागा आणि मिरवणुकीच्या वेळा, दिवाळीत फटाक्यांची रात्र, या टाळूनच फेऱ्या ठरवा. सणाच्या दिवसांत शेवटची फेरी अंधार पडायच्या आत उरकावी. या दिवसांत दचकून पळालेले कुत्रे फार हरवतात, आणि पट्टा नवख्या हातात असेल तर शक्यता आणखी वाढते.

बरं झाल्यावर

पहिल्याच दिवशी टेकडी नको. कुत्रा आनंदाने वेडा झालेला असतो आणि तुमच्या पायांत अजून जोर आलेला नसतो. निघण्यापूर्वी घरात टॉवेलचा खेळ खेळवा, उतावीळपणा थोडा ओसरू द्या. पहिल्या फेरीला मदतनीस बरोबर घ्या, पट्टा त्याच्याकडे आणि तुम्ही नुसते शेजारून चाला. पट्ट्याची कडी छातीशी असलेला हार्नेस घातला तर ओढ कमी लागते. चिकनगुनियानंतर सांधे काही आठवडे, कधी काही महिनेही दुखतात. अशा वेळी लांबची सकाळची फेरी दुसऱ्याकडे आणि संध्याकाळची छोटी तुमच्याकडे, अशी वाटणी बराच काळ चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि पूर्ण बरे झालात तरी आठवड्यातली एक फेरी त्या माणसाकडेच राहू द्या. कुत्र्याची ओळख टिकते, त्याचा हात सरावात राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याला फोन करताना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.